रोजच्या वाटेवरचा चढ आणि तपाचा प्रश्न

लांब पल्ल्याची धाव ज्याने आपल्या दिनक्रमाचा भाग केली आहे, त्याच्या सरावाचा नेहमीचा मार्ग किती चढउताराचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशास्त्राचा आहे आणि त्याची क्रीडाशास्त्रीय उत्तरेही उपलब्ध आहेत. परंतु तोच प्रश्न जरा खोलात जाऊन विचारला, म्हणजे सपाट रस्ता हाताशी असताना रोज घाटाची वाट धरणे यात स्वतःचे असे काही मूल्य आहे काय, असे विचारले, की भारतीय धर्मचिंतनाने वारंवार हाताळलेल्या एका जुन्या वादापाशी येऊन पोहोचावे लागते. स्वेच्छेने पत्करलेला देहकष्ट हा कशाचे तरी साधन म्हणूनच ग्राह्य असतो, की तो करणाऱ्याला काही वेगळेच देऊन जातो, हा तो वाद होय. तपाची चर्चा बहुधा उपवास, मौन, पंचाग्नी अशा उदाहरणांच्या आधारे होते, आणि ही उदाहरणे आजच्या माणसाच्या अनुभवापासून दूर गेलेली आहेत. रोजच्या धावेतील चढ मात्र हजारो लोकांच्या पायांखालचा आहे, म्हणून या वादाची पारख त्याच्या आधारे करणे अधिक फलदायी ठरते.

आधी मोजमापाविषयी. मार्ग किती डोंगराळ आहे हे ठरवताना धावणारे ‘एकूण चढ’ पाहतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेथे जेथे रस्ता वर गेला, तेथील उंचीतील सगळी वाढ एकत्र करून ही संख्या काढतात, आणि उतारामुळे कमी झालेली उंची तीतून वजा केली जात नाही. ढोबळ मानाने किलोमीटरमागे दहा मीटरपर्यंत चढ असलेला मार्ग सौम्य समजला जातो, आणि हे प्रमाण वीसच्या पुढे गेले की तो निःसंशय डोंगराळ ठरतो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर सराव करणाऱ्याच्या वाट्याला चढ जवळजवळ येतच नाही, आणि म्हणूनच 2004 पासून होत असलेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ, तो प्रत्यक्षात माफक असूनही, शेवटच्या टप्प्यात येत असल्यामुळे एवढा धाक बाळगून असतो. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती किंवा सुट्टीच्या दिवशी सिंहगड असे पर्याय आहेत. साताऱ्यात तर यवतेश्वरचा घाट गावाला लागूनच सुरू होतो आणि कासच्या पठाराकडे चढत जातो. 2012 पासून तेथे भरणाऱ्या हिल मॅरेथॉनची कीर्ती याच घाटावर उभी आहे, पण साताऱ्याच्या धावकाला त्या घाटाचे अप्रूप शर्यतीपुरते नसते, कारण गावाबाहेर पडण्याची त्याची वाटच ती आहे.

आता या मोजमापात दडलेली एक गोष्ट पाहावयाची, जिच्यावर प्रस्तुत विवेचनाचा सारा भार आहे. दैनंदिन सरावाचा मार्ग बहुतेक वेळा दारापासून सुरू होऊन दारापाशीच संपतो. त्यामुळे जेवढी उंची चढली जाते, तेवढीच उतरली जाते आणि दोहोंची बेरीज काटेकोर शून्य येते. गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने पाहिले तर अशा धावेच्या शेवटी काहीच मिळवलेले नसते. देहाचा हिशेब मात्र असा चालत नाही. अल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निरनिराळ्या चढउतारांवर धावताना खर्च होणारी ऊर्जा मोजली. त्यांनी दिलेल्या सूत्रावरून हिशेब केला, तर दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, हा खर्च सपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशाने वाढतो, आणि तेवढ्याच उतारावर तो सुमारे दोन-पंचमांशानेच घटतो. उताराचा फायदा वीस टक्क्यांच्या आसपास शिगेला पोहोचतो. त्याहून तीव्र उतारावर देह सावरण्यातच ऊर्जा जाऊ लागते. शिवाय उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, आणि दुसऱ्या दिवशी जाणवणारा ठणका बहुतांशी या उताराचाच असतो. थोडक्यात, चढाने जे घेतले ते उतार परत करीत नाही, उलट वेगळ्या रीतीने आणखी काही घेतो. उंचीची बेरीज शून्य असतानाही कष्टाची बेरीज शून्य नसते, आणि तपाचा प्रश्न या फरकाच्या जागीच उभा राहतो.

डोंगरावरील तीर्थाची चढण यापासून वेगळी काढली पाहिजे. सप्तशृंगीच्या किंवा जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकाच्या चढाला वर एक गंतव्य असते. दर्शन झाले की चढ सार्थकी लागतो, आणि उतरणे हा केवळ घरी जाण्याचा व्यवहार उरतो. म्हणून तेथे कष्टाचे मूल्य दर्शनाच्या मूल्यातून येते असे सहज म्हणता येते. दैनंदिन मार्गावरील धावकाला माथ्यावर कोणी भेटावयाचे नसते. तो माथ्याला स्पर्श करून, पुष्कळदा न थांबताच, वळतो. त्याच्या कष्टाचे मूल्य मार्गावरील कोणत्याही एका बिंदूवर ठेवता येत नाही. ते कोठे असेलच तर धावणाऱ्यात किंवा धावण्याच्या रोजच्या आवर्तनात असले पाहिजे.

या ठिकाणी साधनवादी उत्तर समोर येते. साधनवाद म्हणजे कष्टाला त्याच्या परिणामापुरतेच मूल्य देणारी भूमिका. तिचा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड (1917–2004) मानावा लागेल. ऑकलंडमध्ये पादत्राणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या देहावर प्रयोग करून एक पद्धती बसवली. ती अशी की, आधी कित्येक आठवडे, आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास, दमसास वाढवणारे धावणे, मग काही आठवडे चढावर उसळ्या घेत धावण्याचे व्यायाम, आणि मग वेगाचा सराव. त्याच्या शिष्यांची रविवारची धाव वायटाकरे डोंगररांगेतील वायाटारुआच्या बावीस मैलांच्या डोंगराळ फेरीवर होई, आणि 800 मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही तीतून सूट नसे. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 2 सप्टेंबर या एकाच दिवशी स्नेलने 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा या फेरीची कीर्ती जगभर झाली. लिडियार्डच्या पद्धतीत चढाचे स्थान अगदी नेमके आहे. तो पायांत ताकद आणतो, त्याचे आठवडे ठरलेले असतात, आणि ते संपले की शर्यतीसाठी लागणाऱ्या वेगाकडे वळायचे असते. चढावर प्रेम करण्याची येथे काही गरज नाही.

त्याच ऑलिंपिकमध्ये, चार दिवसांनी, ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटने 1500 मीटरची शर्यत 3 मिनिटे 35.6 सेकंद या विश्वविक्रमी वेळेत जिंकली. त्याचा गुरू पर्सी सेरुटी (1895–1975) हा लिडियार्डच्या अगदी उलट टोकाचा. चाळिशीच्या सुमारास प्रकृती पूर्णपणे ढासळल्यानंतर त्याने कठोर नियमांनी स्वतःला पुन्हा उभे केले, आणि व्हिक्टोरिया प्रांतातील पोर्टसी येथे समुद्रकाठी आपले शिबिर थाटले. तेथील वाळूच्या उभ्या टेकड्यांवर तो शिष्यांना पुन्हा पुन्हा धावावयास लावी. सुखदुःखात चित्त अविचल ठेवावे असे सांगणारा प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक पंथ आणि देहाला कठोरपणे घडवणारे स्पार्टा नगर, या दोहोंची नावे जोडून त्याने आपल्या जीवनरीतीला ‘स्टोटन’ असे नाव दिले. सेरुटीच्या लेखी वाळूची टेकडी हे ताकद वाढवण्याचे यंत्र नव्हते. वेदनेला सामोरे जाऊन तिच्यापलीकडे जाणारा माणूस घडवणे हे तिचे काम, आणि पदक हा त्या घडणीचा पुरावा. एकाच स्पर्धेत दोन्ही मते जिंकली, यावरून एवढे तरी दिसते की निकालाच्या कसोटीवर या वादाचा निवाडा होऊ शकत नाही.

निवाड्यासाठी वेगळी कसोटी हवी, आणि ती भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडते. तेथे तपाचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन प्रकार सांगून झाल्यावर, करणाऱ्याच्या वृत्तीनुसार त्याचे सात्त्विक, राजस आणि तामस असे पुन्हा तीन भेद केले आहेत. फळाची अपेक्षा न ठेवता श्रद्धेने केलेले तप ते सात्त्विक. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून, दिखाव्यासाठी केलेले ते राजस, आणि त्याला गीता चंचल व अस्थिर म्हणते. मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याचा नाश चिंतून केलेले ते तामस. या वर्गवारीचा विशेष असा की ती कष्टाच्या प्रमाणाबद्दल काहीच बोलत नाही. अधिक चढ म्हणजे अधिक तप, असे समीकरण तीतून काढता येत नाही, आणि हे आजच्या धावकाने लक्षात घेण्यासारखे आहे. मनगटावरच्या जीपीएस घड्याळाने मोजलेला एकूण चढ क्षणार्धात शेकडो परिचितांना दिसण्याची सोय झाल्यापासून, संख्या वाढावी म्हणून मार्ग निवडणे ही वृत्ती सर्रास आढळते. या वृत्तीत नैतिक दोष शोधण्याचे कारण नाही, परंतु गीतेच्या परिभाषेत ती राजस आहे, आणि अस्थिरता हे तिचे लक्षण अनुभवालाही उतरते. पाहणारे कमी झाले की चढही कमी होतो.

पतंजलीच्या योगसूत्रांत आणखी एक धागा मिळतो. तेथे अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने केलेला असावा. तपाचा अर्थ व्यासभाष्यात द्वंद्वे सहन करणे असा केला आहे. भूक-तहान, थंडी-उष्णता अशा परस्परविरोधी जोड्या समबुद्धीने सोसणे म्हणजे तप. चढ आणि उतार ही अशीच एक जोडी मानण्यास हरकत नसावी. या भाष्यातील दुसरी एक सूचना मात्र सेरुटीच्या पंथाला थेट छेद देणारी आहे. चित्ताच्या प्रसन्नतेला बाधा येणार नाही, एवढेच तप आचरावे असे भाष्यकार सांगतो. चित्ताची प्रसन्नता म्हणजे येथे मौज अभिप्रेत नाही, तर गढूळपणा नसलेली मनाची निवळ अवस्था अभिप्रेत आहे. जो चढ रोज चढल्याने माणूस चिडखोर, हिशेबी आणि स्वतःविषयी सतत चिंतातुर होतो, तो कितीही उंच असला तरी या कसोटीवर तप ठरत नाही.

दैनंदिन डोंगरवाटेला संपूर्ण धर्मसाधनेचे रूप दिल्याचे ठळक उदाहरण जपानमध्ये आहे. क्योतोच्या ईशान्येस 848 मीटर उंचीचा हिएई पर्वत आहे. साइचो (767–822) या भिक्षूने 788 साली तेथे लहानसे मंदिर बांधले, त्यातून पुढे एनर्याकु-जी हा मोठा विहारसमूह आणि तेंदाई हा बौद्ध संप्रदाय वाढला. नवव्या शतकात सो-ओ (831–918) या भिक्षूपासून तेथे काइहोग्यो, म्हणजे पर्वताची प्रदक्षिणा घालण्याची साधना, सुरू झाल्याचे परंपरा मानते. तिचे पूर्ण रूप सात वर्षांत विभागलेल्या हजार दिवसांचे आहे. पहिली तीन वर्षे दरवर्षी शंभर दिवस आणि पुढची दोन वर्षे दरवर्षी दोनशे दिवस, भिक्षू मध्यरात्रीनंतर निघून सुमारे 30 किलोमीटरची वाट पुरी करतो. सातशे दिवसांनंतर नऊ दिवस अन्न, पाणी, झोप आणि आडवे होणे यांवाचून अचल या देवतेच्या मंत्रजपात घालवावे लागतात. सहाव्या वर्षी रोजचे अंतर सुमारे 60 किलोमीटर होते आणि सातव्या वर्षी शंभर दिवस ते सुमारे 84 किलोमीटर असते. पाश्चात्त्य लेखनात या भिक्षूंना मॅरेथॉन भिक्षू म्हटले जाते, पण ते धावत नाहीत, झपाझप चालतात. अंगावर पांढरी वस्त्रे, पायांत गवती चपला आणि कमरेला दोर व सुरी, कारण शंभर दिवसांनंतर ज्याने हजार दिवसांचा संकल्प केला त्याने तो पुरा करावा किंवा प्राण द्यावा, असा जुना दंडक आहे.

या कठोरतेचेच वर्णन सर्वत्र होते, आणि त्यामुळे साधनेचा गाभा झाकला जातो. हिएईची वाट शिखराकडे नेणारी नाही. ती डोंगराच्या कड्याकपाऱ्यांतील मंदिरांजवळून जाते, बिवा सरोवराच्या बाजूस पायथ्याच्या साकामोतो गावापर्यंत उतरते आणि पुन्हा वर चढून निघाल्या ठिकाणी येते. तिच्यावर अडीचशेहून अधिक जागी भिक्षू थांबून वंदन करतो. या जागांत मंदिरे आहेत, तसेच वृक्ष, दगड आणि पाण्याचे झरेही आहेत. सद्धर्मपुंडरीक सूत्रात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची कथा आहे, जो भेटेल त्या प्रत्येकाला, तो पुढे बुद्ध होणार आहे म्हणून वंदन करी, आणि त्यासाठी शिव्या व दगडही खाई. काइहोग्योचा आदर्श तो आहे. म्हणजे येथे चढ सोसणे हे मुख्य कर्म नाही. वंदन हे मुख्य कर्म आहे, आणि वंदनाच्या जागा डोंगरभर विखुरलेल्या असल्यामुळे चढउतार ओघानेच येतात. कष्ट असा कशाच्या तरी सोबतीने आला की त्याचे स्वरूप पालटते. त्याचे कौतुक करण्यास किंवा त्याला घाबरण्यास चालणाऱ्याला उसंतच राहत नाही. परंपरेनुसार हजार दिवसांपैकी 975 दिवसच प्रत्यक्ष चालावयाचे असतात, आणि उरलेले पंचवीस आयुष्यभराच्या साधनेसाठी राखलेले असतात. ज्या संकल्पासाठी प्राण पणाला लावायचे, तो संकल्पही मुद्दाम अपुरा ठेवणारी ही योजना कष्टाच्या पूर्ततेला फळ मानण्याची वाटच बंद करून टाकते.

बौद्ध परंपरेला कष्टाच्या अतिरेकाचा धोका ठाऊक नव्हता असे मात्र नाही. पाली विनयपिटकात सोण कोळिविस या सुखात वाढलेल्या तरुणाची हकीकत येते. दीक्षा घेतल्यावर तो चंक्रमण, म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या घालण्याची साधना, इतक्या हट्टाने करू लागला की त्याच्या पायांतून रक्त वाहून चालण्याची जागा माखली, आणि एवढे करूनही मन मुक्त होईना तेव्हा संसारात परतावे असे त्याला वाटू लागले. बुद्धाने त्याला, गृहस्थाश्रमात तो वाजवीत असे त्या वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तरी आणि फार सैल ठेवल्या तरी वीणा नीट वाजत नाही, तसाच प्रयत्नाचाही समतोल साधला पाहिजे. हा दृष्टांत सर्वपरिचित आहे, पण त्याच प्रसंगी घडलेली पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. बुद्धाने सोणाला पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली, आणि आपल्या एकट्यासाठी सवलत नको, असे सोणाने म्हटल्यावर ती सर्व भिक्षूंना लागू केली. मध्यम मार्ग हा केवळ उपदेश राहिला नाही, तो तळपायांपर्यंत पोहोचला. चढाच्या सरावाने नडगीचे हाड किंवा टाचेवरचा स्नायुबंध दुखावलेला असतानाही ठरलेला मार्ग न सोडणाऱ्या धावकाला ही हकीकत वीणेच्या दृष्टांताहून अधिक उपयोगी आहे.

येथवरच्या विचाराने एक व्याख्या हाती येते. रोजच्या वाटेवरचा चढ तप ठरतो तो त्याच्या उंचीमुळे ठरत नाही. उंची कमावल्याचा आव न आणता परत येण्याची तयारी, खंड न पडू देणारा आदर आणि चित्ताची निवळ अवस्था या अटींवर तो तप ठरतो. परंतु या सर्व अटींच्या मुळाशी स्वेच्छा गृहीत धरलेली आहे, आणि या गृहीताकडे दुर्लक्ष केले तर विचार अन्यायाकडे घसरतो. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच प्रकारात रौप्यपदक जिंकले. दोघेही अवर्षणग्रस्त मुलखातले, आणि दोघांच्याही चरित्रात लहानपणी शाळेपर्यंत तुडवलेल्या अंतराचा गौरवाने उल्लेख होतो. त्यांचा पराक्रम निर्विवाद आहे. पण त्या अंतराला त्यांची तपश्चर्या म्हणणे म्हणजे एस.टी. नसण्याला पुण्याईचे नाव देणे होय. त्याच वाटेने चाललेली आणि कोणत्याच मैदानापर्यंत न पोहोचलेली असंख्य मुले या गौरवाच्या हिशेबात येत नाहीत. केनियातील इतेनसारख्या, सुमारे 2400 मीटर उंचीवरील गावांतील धावपटूंबद्दल जगभर जे लिहिले जाते, त्यातही हा दोष वारंवार आढळतो. ज्याला चढ टाळता येत नव्हता, त्याच्या चढाला तप म्हणण्याचा अधिकार पाहणाऱ्याला नाही.

मराठी संतपरंपरेत याच गृहीताची परीक्षा पाहणारी एक कथा आहे. तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतासाठी जात आणि परत येत, असे परंपरा सांगते. दारापासून निघून दारापाशी संपणारी, माथ्यावर देऊळ गाठण्यासाठी नसलेली अशी ही वाट होती, आणि वरील व्याख्येत ती तंतोतंत बसते. परंतु त्याच डोंगरावर आणखी एक व्यक्ती चढत असे. संसाराची ओढाताण एकटीने सोसणारी त्यांची पत्नी आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत वर जाई, आणि नवऱ्याला वेड लावणाऱ्या विठोबाला वाटेत बोल लावी. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलाने स्वतः येऊन तो काढला, अशी आख्यायिका आहे. आवलीने हा चढ निवडलेला नव्हता, म्हणून स्वेच्छेच्या कसोटीवर तो तप ठरत नाही. तिचे चित्त प्रसन्न नव्हते, म्हणून भाष्यकाराच्या कसोटीवरही ठरत नाही. फळाची अपेक्षा तिला होती, आणि ती म्हणजे घरचा माणूस जेवावा एवढीच. तरीही परंपरेने देवाला पाठवले ते तिच्या पायाशी, आणि तेही तिच्या तोंडून देवाला शिव्या चालू असताना. ज्यांनी ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली, त्यांना तपाची शास्त्रीय वर्गवारी ठाऊक नव्हती असे मानण्यास आधार नाही. त्या वर्गवारीत न मावणारा एक चढ त्यांनी ओळखला होता, जो दुसऱ्याच्या भुकेसाठी चढला जातो आणि ज्याला चढणारी व्यक्ती स्वतः साधना समजत नाही. त्याला तप म्हणावे की नाही, याचा निर्णय गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या आधारे होत नाही. धावकाच्या चढाचे मूल्य ठरवणाऱ्या कोणत्याही सिद्धांताला या चढासाठी वेगळी जागा करून द्यावी लागेल, आणि यवतेश्वराच्या घाटात पहाटे सराव करणाऱ्याच्या शेजारून डोक्यावर मोळी घेतलेली बाई खाली उतरत असेल, तर त्या दोघांच्या कष्टांना एकच शब्द लावण्यापूर्वी थांबावे लागेल.